हाताला गप्प बसवताना

४ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, पण वाचणारा मीच, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? दवाखान्यातल्या इंजिनिअर बाईने एक वही दिली आहे. तिच्यात म्हणे रोज लिहायचं, हात दुखला का, मुंग्या आल्या का. त्या वहीत मी ‘ठीक आहे’ एवढंच लिहितो. बाकीचं इथे.

मी क्रेन चालवतो. म्हणजे चालवायचो. शेडच्या छताखाली रुळांवरून सरकणारी क्रेन, तिच्या पोटाशी लटकलेली काचेची केबिन आणि खाली पोलादी पत्र्याची ही भलीमोठी गुंडाळी. ती उचलायची आणि माणसांच्या डोक्यांवरून नेऊन गाडीत ठेवायची. शेडमध्ये मला सगळे ‘वरचा’ म्हणतात. काही अडलं की ‘आता वरच्याची मर्जी’ हा विनोद रोज कुणीतरी करायचाच, आणि रोज सगळे हसायचे. गेल्या वर्षी क्रेनचा दोर गुंडाळतो त्या ड्रमला ग्रीस लावताना दोर फिरला आणि उजवा हात गेला. कोपराखाली वीतभर उरला आहे.

गेला म्हणतात खरा, पण मला तो जाणवतो. पाचही बोटं हलवता येतात, फक्त दिसत नाहीत. डॉक्टरांना हे सांगायला लाज वाटत होती, तर ते उलट खूशच झाले. मेंदू अजून हुकूम सोडतो, मज्जातंतू तो खाली आणतात, पुढे रस्ता संपलाय एवढंच. मग त्यांनी ऑपरेशन करून उरलेल्या भागातल्या मज्जातंतूंना आणि स्नायूंना केसाहून बारीक तारा जोडल्या. आता त्या तारांना यंत्राचा हात जोडायचा.

कंपनीने स्पष्ट सांगितलं आहे. जूनअखेर चाचणी पास झालो तर केबिन परत. नाहीतर गेटवर बसून पास तपासायचे. गेटवर बसलेला वरचा! लोक हसतील, आणि मला त्यांना दोषही देता येणार नाही. मला केबिन पाहिजे. बाकी काही नको.

१२ मार्च

आज हात जोडला. इंजिनिअर बाई आमच्या मुलीच्या वयाची आहे, मला काका म्हणते आणि सतत तारांच्या गुंत्यात असते. मी तिचं नाव तारवाली ठेवलं आहे, अर्थात मनात.

“काका, आता जो हात नाही त्याची मूठ मिटा.”

मिटली. पडद्यावर रेघा उसळल्या. तिने त्या यंत्राला शिकवल्या, की अशी रेघ आली म्हणजे मूठ, अशी आली म्हणजे चिमूट. दुपारपर्यंत हेच. मग टेबलावरचा काळा हात करकरला आणि त्याने मूठ मिटली. मी मिटली तेव्हाच. तारवालीने त्या हाताच्या अंगठ्यावर पेन्सिल दाबली, तर माझ्या नसलेल्या अंगठ्याला कळलं. उलट दिशेनेही तार बोलते म्हणे. मी शिवी दिली. आनंदाची होती, तिला कळलं असावं.

ही कोपऱ्यात बसून बघत होती. ही म्हणजे माझी बायको. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती काळ्या हाताकडे बघतच नव्हती, माझ्या उरलेल्या हाताकडे बघत होती. पहिल्या दिवसापासून तिला त्या यंत्राचं काही कौतुक नाही.

१६ मार्च, रविवार

सुट्टी. वेळ आहे म्हणून लिहितो.

आमचं जमलं ते शेडमध्येच. ती पॅकिंगला होती, मालाला लेबलं बांधायची. खाली एवढा गोंगाट, की ओरडूनही शेजारच्याला ऐकू जात नाही. मी वर काचेत. क्रेनवाल्याला खालून हातानेच खुणा करतात, वर घे, खाली सोड, थांब. त्यामुळे हात वाचायची सवय होतीच. ही खालून हात हलवायची ते मला आधी क्रेनसाठीच वाटायचं. मग एकदा कळलं की मॅडम मला हसतायत. जेवणाच्या सुट्टीत तिने मला तिची भाषा शिकवली. चुकलो की माझ्या मनगटावर दोन टिचक्या मारायची आणि म्हणायची, “हळू. पुन्हा.” शाळेतल्या बाईंनीही इतकं कधी छळलं नव्हतं. पुढे त्या गोंगाटात सगळ्या शेडमध्ये फक्त आम्ही दोघंच बोलू शकायचो. काय काय बोललोय देवाला ठाऊक, आणि फोरमन खाली उभा.

तिच्या भाषेत ‘अहो’ वगैरे नाही. समोर बोट दाखवलं की झालं. म्हणून आमच्यात पहिल्यापासून अरे-तुरे. तिथे माणसाचं नावही खुणेचंच असतं. तिचं नाव मी ठेवलं: पहिली दोन बोटं अंगठ्यावर दोनदा दाबायची, लेबलाला गाठ मारल्यासारखी. ते कागदावर लिहिता येत नाही.

आता मी डाव्या हाताने बोलतो, तेही बोबडं. निम्म्या खुणांना दोन हात लागतात. पण हिला सगळं कळतं. जेवताना मीठ कमी आहे असं नुसतं मनात आलं, तर बरणी पुढे येते. इतक्या वर्षांचा संसार, कळणारच म्हणा.

एक गोष्ट मात्र मला आवडत नाही. पूर्वी ती समोर बसायची. अपघातापासून उजवीकडे येऊन बसते, तुटक्या हातावर तळवा ठेवते आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहते. बघवत नसेल. कीव येत असेल. मी काही म्हणत नाही, पण आत कुठेतरी लागतं.

२८ मार्च

भांडण होता होता राहिलं. हात आता कप धरतो, किल्ली फिरवतो. पण मी नुसता बसलो असताना मध्येच बोटं वळवळतात. तारवालीने पडदा दाखवला. मी म्हटलं, मी काहीही केलेलं नाही.

“हुकूम नसताना रेघा येतायत, काका. हा गोंगाट आहे. मनात काही चाललं होतं का?”

“मनात माणसाच्या चालूच असतं. ते काय बंद करायचं?”

फोरमन बघायला आला होता. भला माणूस, पण माझ्यासमोर बोलताना त्याची त्रेधा उडते. “सगळ्यांनी हातभार लावला तर...” म्हणाला आणि जीभ चावली. मग गंभीर होऊन म्हणाला, “वरच्या, खाली आठ-दहा पोरं असतात. लिव्हरवरचा हात नको तेव्हा वळवळला तर?”

खरंच आहे. त्या गुंडाळीखाली कुणी सापडला तर बाहेर काढायला काही उरणार नाही.

तारवाली म्हणाली, “हाताला काही सांगायचं नसेल तेव्हा तो पूर्ण गप्प पाहिजे. हे यंत्राला नाही, तुम्हालाच शिकावं लागेल.”

७ एप्रिल

गोंगाट कशाचा ते सापडलं. अगदी साधं आहे. काही माणसं वाचताना ओठ हलवतात ना, तसं माझं आहे. मी विचार करताना हात हलवतो. आयुष्यभर घरात हातानेच बोललो, त्यामुळे मनात कुणाशी बोललो तरी नसलेली बोटं चालू होतात. तारवालीला सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. मग तिने उपाय काढला. पडद्यावर रेघ सपाट ठेवायची आणि ती सांगेल त्या गोष्टींचा विचार करायचा. आधी भाज्यांची नावं. मग मुलीचा. मग बायकोचा. भाज्यांपर्यंत ठीक होतं. बायकोचं म्हटलं की रेघ उड्या मारते.

तारवाली हसली. मी पण हसलो, पण नंतर. आधी मला राग आला होता.

युक्ती अशी की विचार तोंडात ठेवायचा. शब्द जिभेवर आणायचे, हाताकडे जाऊच द्यायचे नाहीत. आणि हात दिवसभर घालून ठेवायचा, घरीसुद्धा. म्हणजे सवय होते.

२० एप्रिल

आज तासभर रेघ सपाट होती. तारवालीने चॉकलेट दिलं, पोराला देतात तसं. मीही घेतलं.

३ मे

घरात कटकट. ही म्हणते जेवताना तरी यंत्र काढ. मी म्हटलं, दिवसभर घालायचं असं सांगितलंय. तिने विचारलं, “माझ्यावर रागावलास का?” कशासाठी रागावू? “मग बोलत का नाहीस?” अरे, बोलतोय की! डाव्या हाताने जेवढं बोलायचो तेवढंच बोलतोय. उलट जास्तच. आजच भाडेकरूंबद्दल केवढं सांगितलं.

ती उठून माझ्या उजवीकडे आली, यंत्राच्या पट्ट्याखाली बोटं सारून हाताला हात लावायला लागली. मी तिचा हात बाजूला केला. हळूच केला, झटकला नाही. म्हटलं, “दुखत नाही मला. कीव नको.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग समोर जाऊन बसली, पूर्वीसारखी. मला बरं वाटलं. जेवणात मीठ नव्हतं. मी वाट पाहिली, शेवटी स्वतःच उठून घेतलं.

आताशा तिचं लक्षच नसतं. वयही झालं म्हणा दोघांचं.

१५ मे

ही मुलीकडे गेली आहे, काही दिवसांसाठी. मुलगी दुसऱ्या गावात नोकरी करते. “आईला जरा बदल,” असं मुलगी फोनवर म्हणाली. आवाज जरा तुटक वाटला. मी काही विचारलं नाही.

बहिरी बायको गेल्यावर घर शांत झालं असं कुणाला सांगावं? लोक वेड्यात काढतील. पण ही घरात असली की काय आदळआपट असते! कपाटं धाडकन लावते, भांडी फेकते, नळ पूर्ण सोडते. तिला काय, तिच्या कानी काहीच जात नाही. वर्षानुवर्षं मी ओरडलो, तेही तिच्या कानी गेलं नाही. आज चहाचं पातेलं मीच मुद्दाम आपटलं. काही खरं नाही माझं.

सराव मात्र उत्तम होतो. कुणाशी बोलायचंच नाही म्हटल्यावर हात गप्प बसणारच.

२ जून

ही परत आली. मी स्टँडवर घ्यायला गेलो होतो. बॅग यंत्राच्या हाताने धरली, तिला दाखवायला. तिने मान हलवली, छान म्हणाली. रस्ताभर दोघंही गप्प.

तारवालीच्या मते तिने पाहिलेला हा सर्वात शिस्तीचा हात. कुठेतरी परिषदेत दाखवणार आहे माझ्या रेघा. म्हटलं, दाखव बाई, फक्त माझा फोटो नको.

२७ जून

पास झालो.

नीट लिहितो. सकाळी शेड. कंपनीचे दोन साहेब, फोरमन, तारवाली लॅपटॉप घेऊन. शिडी चढलो. केबिनमध्ये बसलो, सीटला अजून माझाच खळगा आहे. डावीकडची लिव्हर डाव्या हातात, उजवीकडची यंत्राच्या. पत्र्याची खरी गुंडाळी उचलायची, शेडच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायची, आणि जमिनीपासून एवढ्याशा उंचीवर थांबवून धरायची, खालचा माणूस सांगेपर्यंत. थांबवून धरणं हीच खरी परीक्षा. तेव्हा हाताने काहीही करायचं नसतं.

गुंडाळी लटकत होती तेव्हा पॅकिंगच्या दारात ही दिसली. तिला यायला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. पिवळ्या पट्टीच्या मागे उभी, जिथे पूर्वी उभी राहायची तिथेच. मी बघितलं तसा तिने हात वर केला. “घाबरलास?”

पूर्वी असं विचारलं की मी लिव्हरवरून एक क्षण हात उचलून उत्तर द्यायचो, आणि फोरमनच्या शिव्या खायचो. आज आत काहीतरी हलायला निघालं होतं. मी ते तिथेच दाबलं. जिभेवरसुद्धा येऊ दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मी खालच्या माणसाच्या मुठीवर नजर ठेवली. त्याने मूठ उघडली तशी गुंडाळी खाली टेकवली. कापसावर ठेवल्यासारखी टेकली, मीच म्हणतो.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शिडीवरून उतरलो तर तारवालीने पडदा पुढे केला. “काका, बघा, एकदाही हलली नाही.” रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ होती. फोरमनने मिठी मारली. मोठ्या साहेबांनी हस्तांदोलन केलं, काळ्या हाताशी. त्यांचा तळवा घामेजलेला दिसत होता, तो घाम मला जाणवला नाही, पण दाब कळला.

पॅकिंगच्या दाराकडे पाहिलं तर तिथे कुणी नव्हतं.

घरी आलो तर ही कपडे वाळत घालत होती. मी डाव्या हाताने सांगितलं, पास झालो. ती म्हणाली, “पाहिलं मी.” डोळे लाल होते. आनंदाने रडली असेल. सोमवारपासून पहिली पाळी.

२८ जून

मुलीचा फोन आला, अभिनंदनाचा. मी सहज म्हणालो, तुझ्या आईला काही आनंद झालेला दिसत नाही.

ती म्हणाली, “बाबा, तुम्ही आईशी बोलणं का बंद केलंत?”

माझं डोकंच फिरलं. “सगळ्यांचं एकच! अगं, रोज बोलतो मी. डावा हात काय नुसता शोभेला आहे?”

“डाव्याचं नाही म्हणत मी. उजव्याचं.”

“उजवा आहे कुठे?”

“बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही?”

नव्हतं. अपघातानंतर दवाखान्यात हिने उरलेला हात धरला होता, तेव्हाच तिला कळलं होतं. कातडीखाली स्नायू हलत होते. कोणतं बोट वळलं की कुठे हलतं, हे तिला हळूहळू लागत गेलं. आधी एखादा शब्द, मग सगळंच. तिने त्या दिवसांत मुलीला सांगितलं होतं, तुझे बाबा अजून उजव्या हातानेच बोलतात, फक्त हात दिसत नाही. म्हणून उजवीकडे बसायची. म्हणून भिंतीकडे बघायची, माणूस नीट ऐकायचं असलं की कुठेतरी तिसरीकडेच बघतो तसं.

“मग मला सांगितलं का नाही तिने?”

“सांगायचं काय? तिला वाटायचं तुम्ही मुद्दाम बोलताय तिच्याशी. आणि मग तुम्ही हात काढून घेतलात. एकदा तिने यंत्राखाली बोटं घालून पाहिलं, तर आत काहीच नव्हतं. ती माझ्याकडे आली ती त्यानंतरच. मी तिला म्हटलं होतं, बाबांना सरळ विचार. ती म्हणाली, ज्याला बोलायचं नाही त्याला किती विचारायचं. तरी काल शेडमध्ये येऊन विचारलंच ना तिने?”

मी फोन ठेवला. नीट ठेवला, आपटला नाही. ही स्वयंपाकघरात होती. कपाट धाडकन लावल्याचा आवाज आला. मी बाहेरच बसून राहिलो. मला खूप वाईट वाटत होतं, आणि ते कोणत्या हाताने सांगावं तेच सुचत नव्हतं.

मीठ.

२९ जून, रविवार

सकाळी चहा झाल्यावर यंत्र काढून खिडकीत ठेवलं. आजवर जिथे बसायचो ते सोडून हिच्या डावीकडे बसलो, म्हणजे माझा उजवा तिच्या बाजूला आला. तुटका हात तिच्या पुढ्यात ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं. ओले हात पुसले, जरा जास्तच वेळ पुसले. मग तळवा ठेवला आणि भिंतीकडे बघायला लागली.

मी तिचं नाव घेतलं. दोन बोटं, अंगठा, दोनदा. माझ्या मते घेतलं. ती वाट बघत होती. मी पुन्हा घेतलं. तिने मान हलवली, नाही.

काही नव्हतंच तिथे. शब्द जिभेवर येत होता आणि तिथेच थांबत होता. जवळजवळ तीन महिने मी त्याला तेच शिकवलं होतं, आणि तो पोरगा हुशार निघाला, सगळं शिकला. नसलेली बोटं कुठे आहेत तेही मला लगेच सापडेना. कपाळाला घाम आला. चाचणीला आला नव्हता. उद्या पहिली पाळी, खाली ती पोरं असतील, तेव्हा हात गप्पच पाहिजे हेही डोक्यात होतं. दोन्ही कसं जमायचं ते तारवालीला विचारावं लागेल. तिलाही माहीत नसेल.

डाव्या हाताने ‘माफ कर’ म्हणायला गेलो. हिने तो हात धरून टेबलावर ठेवला आणि वर आपला कोपर ठेवला, म्हणजे हलवता येऊ नये.

मग जिथे हात संपतो, मनगट असतं तर जिथे आलं असतं त्याच्या जरा अलीकडे, तिने दोन टिचक्या मारल्या.

“हळू,” ती म्हणाली. “पुन्हा.”